वाटपाची कसोटी : सामायिक संस्था, नेतृत्व आणि विश्वास

पाणी, जंगल, गायरान, खाडीचा बांध, ठेवीदारांचा पैसा या गोष्टी एकट्याच्या मालकीच्या नसतात आणि त्यांच्यावाचून कोणाचेच भागत नाही. त्या सांभाळण्यासाठी माणसांनी उभ्या केलेल्या संस्थांना या ग्रंथात सामायिक संस्था म्हटले आहे. ग्रामसभा, पाणी वापर संस्था, सहकारी साखर कारखाना, पतपेढी, बचत गट, गोव्यातली गावकरी ही सारी त्यांची रूपे. यांतल्या काही पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, काही एका पिढीतच मोडल्या, तर काही कागदोपत्री जिवंत राहून आतून पोखरल्या गेल्या. असे का होते याचे उत्तर सहसा माणसांत शोधले जाते: अमुक एक होता म्हणून संस्था वाढली, तो गेला आणि ती बुडाली. या ग्रंथाची भूमिका निराळी आहे. संस्थेचा टिकाऊपणा तिच्या वाटपाच्या नियमांत असतो आणि त्या नियमांची खरी परीक्षा टंचाईत होते. विश्वास आधी असतो आणि मग वाटप नीट होते असे क्वचितच घडते. वाटप डोळ्यांदेखत नीट होत राहिले की विश्वास साठत जातो. नेत्याचे पहिले काम म्हणजे तो नियम स्वतःलाही लागू ठेवणे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खानदेशात आणि बागलाणात सापडतो. पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर किमान तीनशे वर्षे फड पद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करत नसे. गावाने नेमलेला बारेकरी मालक कोण हे न पाहता सगळ्या फडाला ओळीने पाणी देई. पाटावर देखरेख ठेवायला पाटकरी, राखणीला जागल्या, या सगळ्यांवर पंच. पाऊस कमी झाला की कोणते फड भिजवायचे आणि कोणते पडीक ठेवायचे हे हंगामाआधीच ठरे. प्रत्येकाची जमीन भिजणाऱ्या फडातही असे आणि पडीक फडातही, म्हणून तूट कोणा एकाच्या वाट्याला येत नसे. या रचनेत पाणी चोरायला फारशी जागाच नव्हती, कारण दार उघडणारा हात आणि पिकाचा मालक हे वेगळे होते. माणसे प्रामाणिक आहेत असे गृहीत न धरता प्रामाणिकपणा सोपा करून ठेवणारी ही व्यवस्था होती. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप आले, ज्याचे पाणी त्याच्या बांधात मिळू लागले आणि अनेक फड विस्कटले. जिथे थोडेफार टिकले तिथेही जुना शिस्तीचा कणा राहिलेला नाही.

आधुनिक काळातल्या सामायिक संस्थांचा प्रवास दख्खनमध्ये एका संतापापासून सुरू होतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये पसरला. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. तो कर्जखते आणि खातेवह्या हाती घेऊन जाळण्यावर होता. ज्या कागदावर आपण अंगठा दिला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, आणि कोर्ट मात्र त्याच कागदावर विश्वास ठेवते, ही त्या शेतकऱ्याची तक्रार होती. हिशेब एकाच पक्षाच्या हाती असला की विश्वास कसा संपतो याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कायद्याने सावकाराला थोडा आळा बसला, पण कर्ज कुठून आणायचे हा प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर म्हणून युरोपातल्या रॉचडेल आणि रायफायझन यांच्या सहकाराकडे लोक पाहू लागले. कायद्याचा आधार मिळण्याआधीच, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहायकारी मंडळी सुरू केली होती. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या, आजच्या गदग जिल्ह्यातल्या, कणगीनहाळ येथे पहिली पतसंस्था नोंदवली गेली.

तिथून प्रवरानगरपर्यंतचा टप्पा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला सर्वांत फलदायी टप्पा म्हणता येईल. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांकडून गावोगाव फिरून सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल जमवले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. वैकुंठभाई मेहतांचे पाठबळ मिळाले. १९४८ मध्ये नोंदणी झालेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. एक अर्थतज्ज्ञ आणि एक शेतकरी पुढारी एका संस्थेत दशकभर एकत्र काम करतात, ही गोष्ट तेव्हाही सर्रास आढळणारी नव्हती. भाग कितीही असोत, मत एकच, हा सहकाराचा नियम. उसाचा भाव सभासदांसमोर ठरे आणि काट्यावर वजन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई. अकरा एकरवाला आणि दीड एकरवाला यांना एकाच दराने पैसे मिळत होते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते. या एका गोष्टीने जो विश्वास जमवला, त्याच्या जोरावर कारखान्यांनी शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, दूध संघ उभे केले. वारणेत तात्यासाहेब कोरे यांनी एका ओसाड माळावर हेच करून दाखवले.

याच चळवळीचे वैगुण्यही तिच्या वाटपातच दिसते. सभासद म्हणजे ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा सभासद नव्हता आणि आजही नाही. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि कोयते घेऊन येणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडतात. उसाचा दर वार्षिक सभेत चर्चिला जातो. तोडणीची मजुरी ठरते त्या टेबलाशी मजूर बाई कधी बसलेली नसते. जी संस्था आपल्या सभासदांशी न्यायाने वागते ती तिच्या उंबरठ्याबाहेरच्यांशीही तशी वागेल असे नाही, हा या ग्रंथात वारंवार येणारा मुद्दा आहे. दुसरे वैगुण्य आतले. नवे सभासदत्व द्यायचे की नाही, ऊस आधी कोणाचा उचलायचा, नोकरी कोणाला द्यायची हे निर्णय निवडणुकीचे हत्यार बनले तेव्हा एक माणूस एक मत हा नियम नावापुरता उरला. अध्यक्षपद आणि आमदारकी एकाच घरात स्थिरावली. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले, तेव्हा कारखान्यांना कोणत्या निकषांवर कर्जे दिली गेली हा प्रश्न राज्यभर विचारला गेला.

विश्वास किती वेगाने आटतो हे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईने पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांच्या आड लपवली गेली होती. बँकेचे लेखापरीक्षण दरवर्षी होत होते, सभा होत होत्या, अहवाल छापले जात होते. सगळे विधी पार पडत असताना हिशेब खोटा होता. सुप्यात खातेवह्या जाळणारा शेतकरी आणि शाखेच्या बंद दारासमोर उभा असलेला निवृत्त कर्मचारी यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर असले तरी तक्रार तीच आहे.

या क्षेत्रातल्या विचारांच्या शाळा नवख्या वाचकाला ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण धोरणांची भाषा तिथूनच येते. १९६८ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडले की सामायिक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जाईल आणि कुरण उजाड होईल. म्हणून एक तर ते खासगी करा किंवा सरकारच्या ताब्यात द्या. अनेक देशांतल्या वनखात्यांना आणि पाटबंधारे खात्यांना हा युक्तिवाद सोयीचा वाटला. हार्डिन यांच्या कुरणावर गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, ही त्यातली मूळ गफलत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची सामायिक वने, स्पेन आणि फिलिपिन्समधले कालवे यांचा तौलनिक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. तिसरा मार्गही शतकानुशतके चालत आला आहे, असे त्यांनी दाखवले. हक्कदार कोण हे स्पष्ट असणे, नियम जागेला साजेसे असणे आणि ते पाळणाऱ्यांनीच बनवणे, राखण करणारा लोकांना जबाबदार असणे, पहिल्या चुकीला सौम्य आणि पुढच्या चुकांना वाढती शिक्षा, भांडण जवळ आणि स्वस्तात मिटणे: दीर्घायुषी संस्थांमध्ये त्यांना हे समान दिसले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पांझरेकाठच्या फडाशेजारी ही यादी ठेवली तर बहुतेक कलमे तिथे दिसतात.

रॉबर्ट वेड यांचा आंध्रातल्या गावांवरचा १९८८ चा अभ्यास भारतीय वाचकासाठी अधिक जवळचा आहे. कालव्याच्या शेपटाकडच्या, म्हणजे पाण्याची खात्री नसलेल्या, गावांमध्ये सामूहिक व्यवस्था जास्त घट्ट होती, हा त्यांचा निष्कर्ष. टंचाई माणसांना नेहमी फोडतेच असे नाही. नियम असतील तर ती त्यांना बांधतेही. रॉबर्ट पुटनम यांनी १९९३ मध्ये इटलीच्या प्रांतांची तुलना करून मंडळे, संघ, सहकारी संस्था यांचे जाळे जिथे दाट तिथे सरकारही बरे चालते असे सांगितले. त्यांच्या मांडणीत विश्वास इतका जुना आणि ऐतिहासिक ठरतो, की ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी काय करावे हे कळत नाही. त्या दृष्टीने टॉम टायलर यांचे काम अधिक उपयोगी. निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी आपले म्हणणे ऐकून घेतले गेले आणि सर्वांना एकच माप लावले गेले, असे वाटले तर लोक तो स्वीकारतात, हे त्यांनी दाखवले. प्रत्येक ग्रामसभेच्या अध्यक्षाने ध्यानात ठेवावे असे हे निरीक्षण आहे. आघात सोसून पुन्हा उभे राहण्याची क्षमता ही कल्पना मात्र समाजशास्त्रातली नाही, सी. एस. हॉलिंग यांनी ती १९७३ मध्ये परिसंस्थांसाठी वापरली आणि तिथून ती आपत्ती व्यवस्थापनात आली. डॅनियल ऑल्डरिच यांनी टोकियो, कोबे, न्यू ऑर्लीन्स आणि २००४ च्या त्सुनामीनंतरचा तमिळनाडू पाहून सांगितले की सावरण्याचा वेग नुकसानीच्या आकारापेक्षा लोकांच्या परस्परसंबंधांवर अधिक ठरतो. त्यांच्याच नोंदींत दुसरी बाजूही आहे. तमिळनाडूत ज्या जात-पंचायतींनी आपल्या माणसांना झटपट मदत मिळवून दिली, त्यांनीच दलितांना आणि परक्यांना यादीबाहेर ठेवले.

हा मुद्दा परदेशी अभ्यासकाकडून शिकण्याची महाराष्ट्राला गरज नव्हती. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला आणि पाठोपाठ महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी त्या तळ्यावर जाऊन पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी करण्यात आला. पुढे दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे होते. त्या ‘सर्वां’मध्ये कोण येते हा वाद होता. गावाच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनाने हा प्रसंग पुष्कळदा बाजूला ठेवला आहे. या ग्रंथाने तो मध्यभागी ठेवला आहे. सामायिक संस्थेची सीमा कोणी आखली, हा प्रश्न तिच्या कार्यक्षमतेच्या आधी विचारायला हवा. फड पद्धतीतही भूमिहीनाला वाटा नव्हता, हे इथे नमूद करायला हवे.

म्हणूनच विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचे महत्त्व तिच्या क्षेत्रफळावरून मोजता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचा हा अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरला, नायगावला देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन भाड्याने घेऊन त्याने पाणलोटाचे काम केले आणि १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले. तिथून निघालेले नियम थोडे आणि कडक होते. पाणी जमिनीवर ठरणार नाही, डोक्यावर ठरेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून जमीन विकली तरी तो तिच्यासोबत जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. मोठ्या बागायतदाराला यातले प्रत्येक कलम टोचणारे होते आणि तरीही अनेक गावांत उपसा योजना या नियमांवर चालल्या. पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, विजेच्या दराची आणि देखभालीची कोंडी झाली आणि पुष्कळ योजना थांबल्या. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांच्या नियमांपैकी एकही नियम चुकीचा ठरला म्हणून मागे पडला असे म्हणता येत नाही. आजूबाजूच्या राज्यव्यवस्थेने त्यांना कायद्याचे पाठबळ दिले नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाने उलट वाट दाखवली. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेमक्या त्या टोकाला तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. शेवटच्याला पाणी मिळाले तर मधल्याला मिळणारच, हा त्यामागचा साधा हिशेब. पाणी मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे आणि पट्टी संस्थेनेच गोळा करायची. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात हा अनुभव उतरला: घनमापन पद्धतीने पाणी आणि संचालकांमध्ये कालव्याच्या मुखाकडचे, मधले व शेपटाकडचे यांना सारखी जागा. कायद्याखाली नोंदलेल्या अनेक संस्था मात्र फाइलीतच राहिल्या, कारण त्यांच्याकडे मोजायला पाणीच आले नाही.

नेतृत्वाविषयीची चर्चा महाराष्ट्रात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या दोन गावांभोवती फिरते. दोन्ही गावांनी दुष्काळी माळावर पाणी अडवून स्थलांतर थोपवले, आणि दोन्हींनी एका माणसाच्या चिकाटीचे बळ दाखवले. राळेगणमध्ये सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना दिलेल्या शारीरिक शिक्षांवर पुढे रास्त टीका झाली. नैतिक अधिकार एका व्यक्तीत एकवटला की दाद कुठे मागायची, हा प्रश्न त्या टीकेने उभा केला. हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही, असे निर्बंध ग्रामसभेने स्वीकारले. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मांडून पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर ठेवला जातो आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी, तर दुसरे पीक कमी. यातली कळीची गोष्ट म्हणजे निर्णय आकड्यावर होतो आणि आकडा सर्वांना दिसतो. पुढारी उद्या बदलला तरी पर्जन्यमापक तोच राहील.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंड गाव याहून पुढे गेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सर्वपरिचित आहे. पण तिच्यामागची कार्यपद्धती फारशी कोणाला माहीत नाही. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही ठाम विरोध असला तर विषय पुढे जातो आणि पुन्हा चर्चेला येतो. त्याशिवाय अभ्यासगट आहे. तिथे बाहेरचे जाणकारही येतात, कायदे वाचले जातात, वाद होतात. निर्णयाचा अधिकार मात्र अभ्यासगटाला नाही, तो ग्रामसभेचाच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ज्ञान आणि सत्ता यांची ही फारकत जाणीवपूर्वक सांभाळली. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्यावरून वनखात्याशी झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय घेतला. चर्चेला लागणारा वेळ हा या पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप. मेंढ्याचा अनुभव सांगतो की ठरवताना गेलेला वेळ अंमलबजावणीत भरून निघतो, कारण निर्णय उधळून लावणारा कोणी मागे राहिलेला नसतो.

गोव्याच्या खाजन जमिनी हे या ग्रंथातले सर्वांत नाजूक प्रकरण. खाडीलगतची सखल भातशेती बांध आणि मानस यांच्या आधारावर उभी असते; मानस म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडझाप होणारे दार. ही व्यवस्था गावकरीच्या, म्हणजे गावकरांच्या सामायिक संस्थेच्या, हाती होती आणि पोर्तुगीज सत्तेने १५२६ मध्ये आफोन्सु मेशिया यांच्या सनदेतून तिच्या रूढी लेखी नोंदवल्या, म्हणजे ती त्याआधीचीच. गावकरीचा लाभ गावकरांच्या पुरुष वारसांपुरता होता, हा तिचा अन्याय होता, आणि १९६० च्या दशकातल्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला हे योग्यच झाले. बांधाची जबाबदारी मात्र नव्या कूळ संघांकडे आली तेव्हा जुनी देखरेख तुटली. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होतो. घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते, म्हणून दार हवे त्यापेक्षा जास्त वेळ उघडे राहते आणि खारे पाणी शेतात चढते. एका हंगामाच्या मासळीपायी शेत काही वर्षे नापीक होते. न्यायाच्या दिशेने केलेली सुधारणा जबाबदारीची साखळी जोडल्याशिवाय अपुरी राहते, हे इथे शेताच्या बांधावर उभे राहून पाहता येते.

आपत्तीनंतरचे वाटप ही या विषयाची सर्वांत कठोर बाजू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. पुनर्वसनात पूर्णपणे स्थलांतरित झालेल्या ५२ गावांमध्ये घरांचे आकार जमीनधारणेवर ठरवले गेले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. जुन्या गावात असलेली विषमता नव्या गावाच्या नकाशात सरकारी मापाने आखली गेली. त्याच कार्यक्रमात, जिथे घरांची फक्त दुरुस्ती व्हायची होती अशा शेकडो गावांत, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचा हप्ता किती, सिमेंट किती यायला हवे, कोपऱ्यांना आणि दारांच्या वर बळकटी कशी द्यायची, हे त्या घरोघर सांगत आणि तपासत. त्यांपैकी पुष्कळ जणींनी पुढे बचत गट चालवले.

बचत गटाची बैठक हे सामायिक संस्थेचे सर्वांत छोटे आणि सर्वांत शिकवणारे रूप आहे. सतरंजीवर गोल बसलेल्या बायका, मध्ये पेटी, प्रत्येकीचे पैसे सर्वांसमोर मोजून नोंदवहीत लिहिले जातात आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले जाते. कर्ज कोणाला आधी द्यायचे हे तिथेच ठरते: कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाला बियाणे घ्यायचे आहे, कोणाचा मागचा हप्ता थकला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपला आकडा ऐकू येतो. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाने हीच उघड हिशेबाची सवय हजारो भगिनींपर्यंत नेली.

आज या विषयाची निकड वाढली आहे ती पावसाच्या लहरीमुळे. लांबलेले खंड आणि एका दिवसात कोसळणारा पाऊस यांत सामायिक व्यवस्था नसलेल्या गावाला प्रत्येकाने आपापली सोय पाहण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. बोअरवेल खोल जातात. सरकारी अनुदानातून झालेल्या प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांत पावसाचे पाणी साठण्याऐवजी विहिरीचे पाणी उपसून भरले जाते आणि सर्वांचे भूजल एकाच्या तळ्यात जाते. दुसरीकडे काही वर्षे लोकनियुक्त संस्थांचीच गैरहजेरी राहिली. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. सहकाराला २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने संविधानात स्थान मिळाले. राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता तिचा मुख्य भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द ठरवला आणि त्याच महिन्यात केंद्राने स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन केले. संस्थांवर अधिकार कोणाचा हा वाद जोरात असताना संस्थांमध्ये सभासदाचा अधिकार किती, याकडे दुर्लक्ष होत आहे.

प्रस्तुत ग्रंथ हे दुर्लक्ष भरून काढण्याचा प्रयत्न करतो. त्यातल्या लेखांमागे एकच प्रश्न आहे: टंचाईच्या, आपत्तीच्या किंवा तोट्याच्या वर्षी या संस्थेत कोणाच्या वाट्याला काय आले? म्हणून यशोगाथांचा सूर इथे टाळला आहे. अयशस्वी प्रयोगांना यशस्वी प्रयोगांइतकीच जागा दिली आहे, कारण बंद पडलेली उपसा योजना चालू योजनेपेक्षा पुष्कळदा अधिक सांगते. नेत्यांची चरित्रे इथे सापडणार नाहीत; त्यांनी मागे ठेवलेले नियम, दप्तर आणि भांडणे मिटवण्याच्या रीती सापडतील. सिद्धान्ताची ओळख जागोजागी आहे, पण प्रत्येक ठिकाणी आधी गाव, मग विचार असा क्रम ठेवला आहे. शहरी गृहनिर्माण संस्थांचा भाग तुलनेने छोटा राहिला आहे, हे वाचकाला जाणवेल. तो विषय स्वतंत्र ग्रंथाइतका मोठा आहे.

हा ग्रंथ ग्रामसेवक, पाणी वापर संस्थेचे सचिव, बँकेचे संचालक आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी यांच्याइतकाच साध्या सभासदासाठी लिहिला आहे. पतपेढीत ठेव असलेल्या, सोसायटीत फ्लॅट असलेल्या, कालव्याच्या शेवटच्या चारीवर शेत असलेल्या प्रत्येकाला आपल्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागण्याचा, वार्षिक सभेला जाण्याचा आणि तिथे प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पुढची वार्षिक सभा येईल तेव्हा वाचकाने हा हक्क वापरावा.